देवाला सॉरी, माणसाला काहीच नाही

चाळीस दिवस चॉकलेट सोडणाऱ्यांशी माझं भांडण नाही. मटण सोडा, इन्स्टाग्राम सोडा, शुक्रवारी एकच वेळ जेवा. पोटाला आणि अंगठ्याला तेवढीच विश्रांती. माझं भांडण आहे ते या चाळीस दिवसांत आपण सगळ्यात जास्त वेळा म्हणतो त्या प्रार्थनेशी. पापकबुलीच्या प्रार्थनेशी. ती आपण खोटी म्हणतो, आणि ती खोटीच राहावी म्हणून बरीच मेहनतही घेतो, असं माझं म्हणणं आहे.

ज्यांना हे सगळं परकं आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. लेंट म्हणजे ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ. राखेच्या बुधवारी तो सुरू होतो. गेल्या वर्षीच्या झावळ्या जाळून केलेली राख कपाळाला लावतात आणि तू माती आहेस याची आठवण करून देतात. कॅलेंडरवर मोजलं तर ईस्टरपर्यंत ४६ दिवस भरतात. रविवार उपवासात धरत नाहीत, म्हणून ४०. उपवास, प्रार्थना आणि दानधर्म ही या काळाची तीन कामं, आणि तिन्हींच्या मुळाशी पश्चात्ताप. कॅथलिक माणूस फादरसमोर गुडघे टेकून पापनिवेदन करतो. शेवटच्या पंधरवड्यात त्यासाठी चर्चमध्ये रांगा लागतात. प्रोटेस्टंट चर्चमध्ये सगळे जण छापलेली कबुली एका सुरात वाचतात. आमच्या घरी दोन्ही आहे. आई वसईची कॅथलिक, बाबा नगरकडचे, सीएनआय चर्चमधले. नवी मुंबईत वाढताना एका रविवारी मिस्सा, दुसऱ्या रविवारी उपासना, असं चाललं. त्यामुळे दोन्हीकडची पळवाट मला नीट माहीत आहे.

पळवाट अशी: 'प्रभू, मी पापी आहे.'

या वाक्याला काही किंमत मोजावी लागत नाही. ते म्हणताना घसा दाटून येतो, डोळे भरतात, शेजारची मावशी खांद्यावर हात ठेवते. पण त्यात कुणाचं नाव नाही, तारीख नाही, रक्कम नाही. हे वाक्य तुम्ही काढून मला दिलं आणि माझं तुम्हाला दिलं, तरी कुणाच्या लक्षात येणार नाही. जी कबुली कुणालाही चालते ती कुणाचीच नसते. आमच्या क्षेत्रात याला तोड आहे. कोड बदलल्यावर काय बदललं ते एका ओळीत लिहायचं असतं, आणि कंटाळा आलेला माणूस लिहितो, 'किरकोळ दुरुस्त्या'. सहा महिन्यांनी सगळं कोसळतं तेव्हा नेमक्या त्याच 'किरकोळ दुरुस्त्या' रात्रभर खणत बसावं लागतं. लेंटमधल्या आपल्या बहुतेक प्रार्थना किरकोळ दुरुस्त्या असतात.

आता कुणी तरी स्तोत्र ५१ काढेल. पश्चात्तापाचं सगळ्यात मोठं गीत, राखेच्या बुधवारी म्हटलं जाणारं. त्यात दावीद राजा देवाला म्हणतो की मी केवळ तुझ्याविरुद्ध पाप केलं. म्हणजे विषय देव आणि दावीद यांच्यातला, मध्ये तिसरं कुणी नाही. हे वाक्य मी इतक्या प्रवचनांत ऐकलंय की त्याच्यामागची गोष्ट मला मुद्दाम पुन्हा वाचावी लागली. दावीदाने बथशेबेला बोलावून घेतलं. ती गरोदर राहिली. तिचा नवरा उरीया रणांगणावर होता. दावीदाने त्याला परत बोलावलं, घरी जा म्हणून आग्रह केला. तो गेला नाही. मग सेनापतीच्या नावे एक पत्र लिहून त्याच्याच हाती दिलं: याला लढाईच्या तोंडावर उभा कर आणि तुम्ही मागे सरा. आपल्याच मृत्यूचा हुकूम खिशात घेऊन तो माणूस चालत गेला. आणि या सगळ्यानंतर राजा म्हणतो, देवा, मी केवळ तुझ्याविरुद्ध पाप केलं. उरीयाने काय करावं म्हणता?

या वाक्याचे चांगले अर्थ लावता येतात, ते मला ठाऊक आहेत. सगळं पाप शेवटी देवाविरुद्धच असतं वगैरे. पण बायबल स्वतः या बाबतीत दावीदापेक्षा प्रामाणिक आहे. नाथान संदेष्टा त्याच्याकडे आला तेव्हा 'तू पापी आहेस' एवढंच बोलून थांबला नाही. आधी त्याने गरिबाच्या एकुलत्या एका कोकराची गोष्ट सांगितली. राजा चिडल्यावर म्हणाला, तो माणूस तूच. आणि मग नाव घेऊन मोजून दाखवलं: उरीयाला तू मारलंस, त्याची बायको तू घेतलीस. पुढे जाऊन नव्या कराराचं पहिलंच पान उघडा. मत्तयाने येशूची वंशावळ दिली आहे. तिथे शलमोनाच्या आईचा उल्लेख बथशेबा या नावाने होत नाही, उरीयाची बायको म्हणून होतो. हजार वर्षं उलटल्यावरही मेलेल्या माणसाचं नाव कुळाच्या यादीतून पुसलेलं नाही. आपण मात्र स्तोत्र ५१ म्हणतो आणि उरीयाला गाळतो.

नियम तर त्याहून जुना आणि रोखठोक आहे. गणना या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात लिहिलंय की ज्याने दुसऱ्याचं नुकसान केलं त्याने पाप कबूल करावं, पूर्ण भरपाई द्यावी, वर एक पंचमांश घालावा आणि ते ज्याचं नुकसान झालं त्याला द्यावं. वीस टक्के. देवाच्या पेटीत नाही, माणसाच्या हातात. जक्कय नावाचा ठेंगू जकातदार झाडावरून उतरला, येशूला घरी घेऊन गेला आणि त्याने आकडाच सांगितला: अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि कुणाला लुबाडलं असेल तर चौपट परत. त्याच्याही बोलण्यात 'असेल तर' आहे. पण आपल्या पुढाऱ्यांच्या 'भावना दुखावल्या असतील तर दिलगीर आहे' यापेक्षा ते वेगळं आहे, कारण त्याच्या पुढे 'चौपट' आहे. आणि डोंगरावरच्या प्रवचनात तर प्रार्थनाच थांबवायला सांगितली आहे. वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. हे शब्दशः पाळलं तर रविवारी आपली किती चर्चं अर्ध्यात रिकामी होतील?

चर्चलाही हे ठाऊक होतं. १२१५ साली चौथ्या लॅटरन परिषदेने प्रत्येकाला वर्षातून निदान एकदा पापनिवेदन सक्तीचं केलं. १५५१ मध्ये ट्रेंटच्या परिषदेने ठरवलं की गंभीर पापं प्रकार आणि संख्या यांसह सांगायची. संख्या! मला हा शब्द फार आवडतो. पुढच्याच वर्षी, १५५२ मध्ये, इंग्लंडच्या प्रार्थनापुस्तकात रोजच्या उपासनेच्या सुरुवातीला सगळ्यांनी मिळून म्हणायची सामान्य कबुली आली. बाबांकडच्या चर्चमध्ये एका सुरात जे वाचतात ते याच घराण्यातलं. ती भाषा सुंदर असते, पण एका सुरात आपण स्वतःचा आवाज लपवतोही. कॅथलिकांकडे मोजणी टिकली, मात्र ती कानापुरती राहिली. १९९२ च्या कॅटेकिझममध्ये स्पष्ट लिहिलंय की पुष्कळ पापांनी शेजाऱ्याचं नुकसान होतं, म्हणून शक्य ते सगळं करून ते भरून काढलं पाहिजे: चोरलेलं परत करा, बदनामी केली असेल तर ती निस्तरा, जखमेची भरपाई द्या. क्षमेने पाप जातं, पापाने झालेली मोडतोड जात नाही, असा त्याचा आशय आहे. पण 'दहा नमो मरिया म्हण' याच्या पुढे 'आणि त्याचे पैसे देऊन ये' असं सांगितल्याचं तुम्ही शेवटचं कधी ऐकलंत?

माझ्या आईने ऐकलेलं नाही. तिची गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या प्रार्थनासभेतल्या एका गृहस्थांना मुलीच्या ॲडमिशनसाठी पैसे कमी पडत होते. आईने भिशीतले साठ हजार दिले. दिवाळीपर्यंत परत करतो म्हणाले. दिवाळी गेली, मग लॉकडाऊन आला, मग त्यांचा फोन लागेनासा झाला, मग लागायला लागला तरी तो विषय निघेनासा झाला. आणि एका लेंटमध्ये, कोपरखैरण्यात कुणाच्या तरी हॉलमध्ये चाळीसेक माणसं दाटीवाटीने बसलेली असताना, ते साक्ष द्यायला उभे राहिले. पैशाच्या व्यवहारात मी देवापासून दूर गेलो होतो, म्हणाले. रात्र रात्र रडलो, म्हणाले. प्रभूने मला धुऊन स्वच्छ केलं, आता माझ्या मनावर कसलंच ओझं नाही. सगळे आमेन म्हणाले. आईही म्हणाली. परत येताना रिक्षात बराच वेळ ती बाहेर बघत होती. मग म्हणाली, "देवाने त्यांना माफ केलं म्हणे. मला कुणी विचारलं नाही."

मी नंतर पाळकांना हे बोललो. ते चांगले आहेत, कुणाच्या घरी आजारपण असलं तर मध्यरात्री येतात. म्हणाले, "ते देव आणि त्यांच्यामधलं आहे, आपण न्याय करू नये." न्याय कुणी मागितला होता? आईला त्यांना चर्चमधून काढायचं नव्हतं. ती साठ हजारांवाचून उपाशीही नव्हती. तिचं म्हणणं इतकंच होतं की ज्या गोष्टीत ती होती त्या गोष्टीच्या कबुलीत ती नव्हती. तिच्यासमोर तिलाच गाळून तिच्या कर्जदाराने पावती फाडली, आणि त्या फाडण्यावर तिच्याच तोंडून आमेन घेतलं. याला मी प्रार्थना म्हणत नाही. दुसऱ्याच्या हक्काची क्षमा परस्पर उचलणं म्हणतो.

यावर नेहमीचं उत्तर कृपेचं असतं. तारण कृपेने आहे, कर्माने नाही. तू हिशेबाचा धर्म आणतोस. मला वाटतं इथे लोक कृपेचा अर्थ उलटा लावतात. आमच्या कामातलं एक उदाहरण देतो, कारण चर्चमध्ये मला ते कधी नीट समजावता आलेलं नाही. मोठी सिस्टिम बंद पडली की नंतर अहवाल लिहितात. बऱ्या कंपन्यांत एक पद्धत आहे: अहवाल कुणाला शिक्षा करण्यासाठी नसतो, आणि ते आधीच सांगितलेलं असतं. त्यामुळेच त्यात खरं येतं. किती वाजून किती मिनिटांनी कोणती कमांड चालवली, किती ग्राहकांना फटका बसला, ते कळायला किती वेळ गेला, आता काय केलंय. 'काही तांत्रिक समस्या उद्भवली' असं लिहिलं तर अहवाल परत येतो. जिथे नोकरी जाण्याची भीती असते तिथे मात्र सगळे करणाऱ्याचं नाव टाळून लिहायला लागतात: चूक झाली, डेटा गेला, लक्षात आलं नाही. कर्ता गायब.

मग मला सांगा, ज्या समुदायाचा दावा आहे की शिक्षा दुसऱ्या कुणी आधीच भोगली आहे, तिथे अहवाल जगातला सगळ्यात तपशीलवार असायला हवा. भीती उरलीच नाही तर लपवायचं कशाला? कृपा ही तपशिलाला परवानगी आहे, तपशिलातून सूट नाही. आपल्या प्रार्थनेत कर्ता गायब असेल तर त्याचा अर्थ एवढाच की आपला कृपेवर विश्वास नाही. नोकरी जाईल असंच आपल्याला अजून वाटतं.

आता एक खरा आक्षेप, आणि तो मला सगळ्यात जड वाटतो. तपशील मागणं धोक्याचं असतं. २०१८ मध्ये केरळमधल्या मलंकारा ऑर्थोडॉक्स चर्चच्या काही धर्मगुरूंवर आरोप झाले की एका विवाहितेने पापनिवेदनात सांगितलेल्या गोष्टीचा वापर करून तिला ब्लॅकमेल केलं, तिचं शोषण केलं. त्याच वर्षी जुलैमध्ये राष्ट्रीय महिला आयोगाच्या तेव्हाच्या अध्यक्ष रेखा शर्मा यांनी पापनिवेदनाची प्रथाच बंद करावी अशी शिफारस केली. चर्चमधून संताप उसळला: धर्मात ढवळाढवळ वगैरे. बंदीने काही साधलं असतं असं मलाही वाटत नाही. पण त्या संतापात एक प्रश्न चिरडला गेला. तपशील कुणाकडून घेतला जातो आणि कुणाला मोघम बोलून चालतं?

लेंटमधल्या तरुणांच्या शिबिरात आत्मपरीक्षणाचा कागद वाटतात. मी असे चारपाच पाहिलेत. मिस्सा चुकवला का, आईबापांना उलट बोललात का, अश्लील काही पाहिलं का, लग्नाआधी मर्यादा ओलांडली का. २०११ मध्ये आयफोनवर कन्फेशनसाठी एक ॲपही आलं होतं. वय, लिंग टाकलं की त्यानुसार प्रश्नांची यादी मिळायची. ॲप हे पापनिवेदनाला पर्याय नाही, असं व्हॅटिकनला जाहीरपणे सांगावं लागलं. आमच्या कागदांवर मला कधीही न दिसलेले प्रश्न सांगतो. घरकाम करणाऱ्या बाईचे खाड्याचे पैसे कापलेत का? अकरा महिन्यांचा करार संपल्यावर भाडेकरूचं डिपॉझिट रंगाचं निमित्त सांगून ठेवून घेतलंत का? आडनाव ऐकून फ्लॅट आधीच गेलाय म्हणालात का? टीममधल्या ज्युनिअरचं काम स्वतःच्या नावावर दाखवलंत का? वाशी-नेरूळमधला कमावता ख्रिस्ती माणूस ही पापं करतो, आणि याविषयी त्याला कुणी विचारत नाही. एकोणीस वर्षांच्या मुलीला मात्र तिच्या मित्राबद्दल प्रकार आणि संख्या यांसह सांगावं लागतं. ट्रस्टी 'मानवी दुर्बलता' म्हणून सुटतो.

मला नियम उलटा हवा. ज्याच्या हाती जितकी सत्ता त्याची कबुली तितकी नेमकी. ज्याच्यावर अन्याय झालाय त्याला गप्प राहण्याचा पूर्ण हक्क. नाथान राजाकडे गेला होता. बथशेबेकडे नाही.

आपल्या महाराष्ट्रातलंच एक उदाहरण मला या बाबतीत छळत राहतं. १९०५ साली केडगावला, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये, प्रार्थनेची एक लाट आली. शेकडो मुली आणि बायका तासन् तास रडत, मोठ्याने आपली पापं कबूल करत होत्या. जगभरच्या पेंटेकॉस्टल इतिहासात त्या घटनेचं नाव घेतलं जातं. ती लाट खरी होती याबद्दल मला शंका नाही, आणि रमाबाईंसारख्या बाईने उगाच कुणाला रडवलं नसतं. पण त्या रडणाऱ्या कोण होत्या ते आठवा. बालविधवा. १८९६-९७ च्या आणि १९०० च्या दुष्काळातून उचलून आणलेल्या पोरी. घरातून हाकललेल्या, रस्त्यावर मरायला सोडलेल्या. त्या आपली पापं मोजत होत्या. त्यांना हाकलणाऱ्या सासरची, त्यांच्यावर डोळा ठेवून दुष्काळी छावण्यांभोवती घिरट्या घालणाऱ्यांची कबुली इतिहासात कुठे आहे? कबुलीची ही उतरंड आपण अजून बदललेली नाही. खालचा माणूस हुंदके देतो, वरचा आशीर्वाद देतो.

वरच्यांनी कबुली दिली तर ती कशी असते त्याचाही नमुना आहे. १२ मार्च २००० रोजी, लेंटच्या पहिल्या रविवारी, पोप जॉन पॉल दुसरे यांनी रोममध्ये चर्चच्या पापांसाठी जाहीर क्षमायाचना केली. हे धाडसच होतं, त्यांच्याच अनेक माणसांना नको होतं. वेगवेगळ्या कार्डिनलांनी एकेका प्रकारची पापं वाचली: सत्याच्या नावाखाली केलेली जबरदस्ती, ज्यूंना दिलेला त्रास, स्त्रियांचा अवमान. पण भाषा अशी की ही पापं चर्चच्या लेकरांनी केली, चर्चने नाही. ज्यूंसाठीच्या प्रार्थनेत नाझींनी केलेल्या संहाराचा उल्लेखच नव्हता, आणि त्याबद्दल त्या वेळी टीका झाली. पुढे दोनच आठवड्यांनी, त्याच लेंटमध्ये, तोच वाकलेला म्हातारा जेरुसलेमला गेला आणि पश्चिम भिंतीच्या फटीत त्याने प्रार्थनेची चिठ्ठी सरकवली. मजकूर मोघमच होता. पण मला ते रोममधल्या समारंभापेक्षा जास्त खरं वाटतं, कारण तो ज्यांचं वाईट झालं त्यांच्या दारात गेला होता.

आपल्या दारातलं पाप कोणतं ते सगळ्यांना माहीत आहे. डिसेंबर २०१६ मध्ये भारताच्या कॅथलिक बिशप परिषदेने दलितांविषयीचं धोरण जाहीर केलं आणि चर्चच्या आतही अस्पृश्यता शिल्लक आहे हे मान्य केलं. कागदावर मान्य झालं. त्यानंतर इतके लेंट गेले. बाबांकडचे नातेवाईक पूर्वाश्रमीचे महार. आईकडे लग्न ठरवताना आजही 'आपल्यातलं' हा शब्द वापरतात, आणि 'आपल्यातलं' म्हणजे ख्रिस्ती असा त्याचा अर्थ नसतो. मिस्साच्या सुरुवातीला तेच लोक छातीवर हात मारून म्हणतात की मी विचाराने, शब्दाने, कृतीने पाप केलं. ही कबुली देवासोबत जमलेल्या भावाबहिणींसमोरही असते, हे त्या प्रार्थनेतच आहे. पण भावाबहिणींकडे बघून ती म्हणणारा माणूस मी पाहिलेला नाही. डोळे मिटलेले असतात.

जैन मित्रांचे मिच्छामि दुक्कडमचे मेसेज दरवर्षी येतात. तेही आता बहुतेक फॉरवर्डच असतात. तरी ते माणसाला पाठवलेले असतात, हे मला त्यांचं मोठेपण वाटतं. आणि तुकारामांविषयी आपल्याकडे सांगतात की त्यांनी सावकारीची खतपत्रं इंद्रायणीत बुडवली: नाव, रक्कम, व्याज, सगळं लिहिलेले कागद. नारायण वामन टिळक म्हणत की आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. त्या पुलावरून येताना आपण खतपत्रांची गोष्ट मागेच ठेवून आलो की काय?

कुणी म्हणेल, मग तुझी पापं लिही की इथे. नाही लिहिणार. हजारो अनोळखी वाचकांना सांगणं हा कबुलीचा सगळ्यात सोपा प्रकार आहे. लाइक मिळतात, 'किती धीट' असं म्हणतात, आणि ज्याचं नुकसान झालं तो माणूस ते वाचतही नाही. त्या सभेतल्या साक्षीत आणि व्हायरल पोस्टमध्ये फरक फक्त श्रोत्यांच्या संख्येचा आहे.

दुसरा आक्षेप अपराधगंडाचा. असं नेमकं बोलायला लावलं तर माणसं मोडतील, म्हणतात. इथे मला यहूदा आठवतो. पॅशनच्या आठवड्यात आपण त्याला शिव्या देतो, पण मत्तयाच्या सत्ताविसाव्या अध्यायात त्याची कबुली आहे, आणि सगळ्या शुभवर्तमानांत तिच्याइतकी नेमकी कबुली क्वचित सापडेल. निर्दोष माणसाला धरून देऊन मी पाप केलं, असं तो मुख्य याजकांना सांगतो. तीस नाणी परत करतो. तीसच्या तीस. ते काय म्हणतात? त्याचं आम्हाला काय, तुझं तू बघ. तो नाणी मंदिरात फेकतो आणि जाऊन गळफास घेतो. त्यानंतर ही मंडळी चर्चा करतात ती पैसे कुठल्या खात्यात जमा करायचे याची. रक्ताचे पैसे भांडारात चालत नाहीत, म्हणून कुंभाराचं शेत घेतात. यहूदा नेमकं बोलल्यामुळे मेला असं मला वाटत नाही. ऐकणाऱ्यांनी खांदे उडवले म्हणून मेला. पेत्रानेही तीनदा नाकारलं होतं, कोळशाच्या विस्तवापाशी हात शेकत. योहानाच्या शुभवर्तमानात शेवटी पुन्हा कोळशाचा विस्तव आहे, सरोवराच्या काठावर, त्यावर मासे भाजलेले. तिथे येशू त्याला तीनदाच विचारतो, माझ्यावर प्रेम करतोस का. मोघम माफी नाही. जितक्या वेळा नाकारलं तितक्या वेळा विचारलं, आणि आधी न्याहारी दिली.

म्हणून पाळकांना आणि फादरना माझी मागणी छोटी आहे. लेंटमध्ये कुणी साक्ष द्यायला उभं राहिलं आणि त्यात दुसरा माणूस असेल, तर माइक देण्याआधी विचारा: त्याला भेटून आलात का? पापनिवेदनात पैशाची गोष्ट निघाली तर दहा नमो मरियांच्या जोडीला पैसे परत करायची तारीख द्या. आत्मपरीक्षणाचा कागद पुन्हा लिहा, आणि तो लिहायला घरकाम करणाऱ्या बायकांना बोलवा. त्या रविवारी मिस्साला येतात, मागच्या बाकावर बसतात.

आमच्या तरुणांच्या गटापुढे मी यंदा एक सूचना ठेवली. क्रुसाच्या वाटेनंतर जी सामूहिक कबुली म्हणतो तिच्या जागी पाच मिनिटं शांतता ठेवायची. फोन हातात घ्यायचा. देवाला काही सांगायचं नाही. ज्याचं नुकसान केलं अशा एका माणसाला एक मेसेज लिहायचा, काय केलं आणि ते कसं भरून देणार ते घालून. पाठवायचा की नाही ते ज्याचं त्याने ठरवायचं. सूचनेवर बरीच चर्चा झाली. एक जण म्हणाला चर्चमध्ये फोन बरा दिसत नाही. एकीने विचारलं, समोरच्याने ब्लॉक केलं असेल तर? क्वायरची तक्रार होती की शेवटच्या गाण्याला वेळ उरणार नाही. शेवटी पाचाची दोन मिनिटं झाली. पुढच्या शुक्रवारी, संध्याकाळी साडेसातला.